मेफ्लॉवरवरचा गडी: सासूबाईंच्या वंशावळीतली एक गाठ

चिंचगूळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज हिय्या करून लिहितेय. मजकूर लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची कऱ्हाडची, गेली एकोणीस वर्षं बॉस्टनजवळ राहते. नवरा इथलाच. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंचं घर आवरताना कपाटात टेबलक्लॉथांच्या खाली टाइप केलेला एक पिवळा कागद सापडला. त्यांच्या आजीने केव्हातरी करून घेतलेली वंशावळ. सगळ्यात वर 'गव्हर्नर जॉन कार्व्हर, मेफ्लॉवर, १६२०'. (मेफ्लॉवर म्हणजे इंग्लंडहून वसाहतकऱ्यांना अमेरिकेला घेऊन आलेलं जहाज.) त्याखाली त्याची नात एलिझाबेथ, तिचा नवरा जॉन हाउलंड, मग मुलगी देझायर, आणि तिथून उतरंड थेट त्या आजींपर्यंत. पुढची दोन नावं सासूबाईंनी पेनाने घातलेली. हाउलंडपासून मोजलं तर सासूबाई बाराव्या पिढीतल्या.

'आम्ही गव्हर्नरच्या रक्ताचे' हे मी लग्न झाल्यापासून दर थँक्सगिव्हिंगला ऐकत आलेय. पण मी पेशाने ऑडिटर. व्हाउचर नसलेली नोंद दिसली की हात शिवशिवतात. त्या कागदावर बारा पिढ्या होत्या आणि व्हाउचर एकही नव्हतं. तेव्हा म्हटलं, बसूया.

पहिल्याच आठवड्यात वरची कडी तुटली. मेफ्लॉवरच्या मंडळींनी आजच्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथ वसाहत वसवली, तिचा कार्व्हर हा पहिला गव्हर्नर हे खरं. १६२१च्या वसंतात तो वारला आणि काही आठवड्यांत त्याची बायकोही गेली. त्यांचा वंश पुढे चालल्याचा कुठलाही पुरावा नाही. मग नात आली कुठून?

तर एलिझाबेथ ही कार्व्हरची कुणीच नव्हती. तिचं माहेरचं नाव टिली. आईवडील आणि काका-काकू यांच्याबरोबर ती मेफ्लॉवरवर आली तेव्हा तेरा वर्षांची होती. पहिल्या हिवाळ्यात जहाजावरच्या १०२ जणांपैकी जवळपास निम्मे दगावले. त्यात हे चौघेही गेले. पोर एकटी उरली. आणि जॉन हाउलंड? तो कार्व्हरच्या घरचा गडी. करारावर बांधलेला नोकर.

थोडक्यात, गव्हर्नरची नात आणि तिचा खानदानी नवरा यांच्या जागी एक पोरकी मुलगी आणि एक गडी आले. हे सासूबाईंना सांगायचं कसं, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की गाठ अजून सुटलेली नाही: हाउलंड ते सासूबाई हा रस्ता तरी पक्का आहे का? मधे एका ठिकाणी मी अडकलेय. इथे कागदपत्रांतले जाणकार आहेत म्हणून धागा काढला.

सांजवेळ

वाह, काय सुरुवात आहे! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. हाउलंड म्हणजे तोच का, जो जहाजावरून समुद्रात पडला होता?

चिंचगूळ

@सांजवेळ, हो, तोच! भर वादळात काही कामाने डेकवर आला, जहाज कलंडलं आणि हा पाण्यात. नशिबाने वरच्या शिडाचा दोर बाहेर लोंबत होता, तो याच्या हाती लागला. काही वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्याखाली गेला तरी दोर सोडला नाही. दोरानेच वर ओढला, मग आकडी लावून आत घेतला. हे सगळं विल्यम ब्रॅडफर्डने लिहून ठेवलंय, जो कार्व्हरनंतर गव्हर्नर झाला. ब्रॅडफर्ड पुढे म्हणतो की थोडा आजारी पडला खरा, पण नंतर पुष्कळ वर्षं जगला आणि चर्चच्या नि वसाहतीच्या उपयोगी पडला.

हात सुटला असता तर फ्रँकलिन रूझवेल्ट नाही आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्षही नाहीत, कारण तिघे त्याचेच वंशज. सासूबाईही नाहीत, आणि मग माझं लग्न कुणाशी झालं असतं देव जाणे.

कोकणकडा

छान लिहिलंय. एक शंका. आजींच्या कागदावर कार्व्हरचं नाव आलं कसं? कुणी मुद्दाम घुसडलं की ऐकीव?

आमच्या कुलवृत्तांतात असाच प्रकार आहे. मूळ पुरुष 'पेशव्यांच्या पदरी सरदार' म्हणून छापलाय. वडिलांनी दफ्तरात शोधलं तर निघाला कारकून. तोही बहुतेक हंगामी.

चिंचगूळ

@कोकणकडा, 'हंगामी' वाचून चहा सांडला.

नाही, मुद्दाम नाही. ही दंतकथा कुटुंबाकुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत होती. हाउलंड कार्व्हरच्या घरात राहायचा, बहुधा त्यातूनच उगवली असावी. प्लिमथच्या बरिअल हिल या दफनभूमीत एकोणिसाव्या शतकात हाउलंडच्या नावाचा दगड बसवला, त्यावर तर बायको थेट कार्व्हरची मुलगी असं कोरलं होतं. म्हणजे दगडावर कोरलं म्हणून खरं, असं काही नसतं! आता तिथे जो दगड आहे त्यावर एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी असं दुरुस्त करून लिहिलंय.

दुरुस्ती झाली कशी, तीच खरी गंमत. ब्रॅडफर्डची हस्तलिखित वही बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमधल्या ग्रंथसंग्रहात होती. अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत ती गायब झाली. सापडली १८५५ साली, तीही कुठे, तर लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात. पुढच्या वर्षी छापली गेली. मूळ वही १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत आली.

त्या वहीच्या शेवटी जहाजावरच्या माणसांची यादी आहे, आणि तीस वर्षांनी, १६५० च्या सुमारास, ब्रॅडफर्डने प्रत्येकाचं पुढे काय झालं ते लिहिलंय. घरातला म्हातारा लग्नाच्या जुन्या फोटोवर बोट ठेवत 'हा गेला, हिला चार मुलं' म्हणत जातो ना, अगदी तसं. हाउलंडबद्दल तो सांगतो की याने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं, दोघेही हयात आहेत, दहा मुलं, दहाही जिवंत. थोरल्या मुलीला चार मुलं, दुसरीला एक. एकूण पंधरा.

ही थोरली मुलगी म्हणजे देझायर, आमच्या ओळीतली. तिचा नवरा कॅप्टन जॉन गोरम. प्लिमथ-मार्शफील्डच्या नोंदींत त्यांच्या मुलांचे जन्म आहेत: देझायर १६४४, टेम्परन्स १६४६, एलिझाबेथ १६४८, जेम्स १६५०. चार! पाचवा त्यानंतर. ब्रॅडफर्डचा आकडा आणि गावच्या दफ्तराचा आकडा जुळला तेव्हा रात्री दीड वाजता मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

टोमणेबहाद्दर

लेख चांगला आहे पण एक कळलं नाही. आपण मराठी माणसांनी गोऱ्यांच्या पणजोबांची धुणी का धुवायची? तुमच्या कऱ्हाडच्या पणजीचं नाव तरी माहीत आहे का?

चिंचगूळ

@टोमणेबहाद्दर, पणजीचं नाव माहीत आहे. खापरपणजीचं नाही. लग्नात बदललेलं नाव तेवढं आहे, माहेरचं कुणालाच आठवत नाही. तुमचा टोमणा म्हणून बरोबर जागी लागलाय.

राहिलं धुण्याचं. माझी लेक हाउलंडपासून चौदावी. म्हणजे तिच्या मागे त्या पिढीत ८,१९२ पूर्वजांच्या जागा, त्यातल्या निम्म्या आपल्याकडच्या. हाउलंड एका जागेवर. आपल्या बाजूच्या ४,०९६ जागांपैकी मला मोजून अकरा भरता आल्या आहेत. एकाच बाजूचे कागद मिळतात म्हणून त्या बाजूचा शोध थांबवायचा, हे काही पटत नाही.

रेवाकाठ

मला वेगळीच खंत वाटतेय. मेफ्लॉवरच्या कथा किती गोड करून सांगतात. ही मंडळी उतरली ती जागा कुणाची होती?

चिंचगूळ

@रेवाकाठ, पटुक्सेट नावाचं, वाम्पानोआग या तिथल्या मूळनिवासी लोकांचं गाव होतं ते. १६१६ ते १६१९ च्या साथीत गावच्या गाव संपलं. टिस्क्वांटम नावाचा माणूस तिथलाच. त्याला आधीच पकडून युरोपात विकायला नेलं होतं, तो परतला तेव्हा गावात कुणी नव्हतं. साफ केलेली शेतं तयारच मिळाली म्हणून यांनी तिथे मुक्काम केला.

आमच्या ओळीतही हे येतंच. १६७५ मध्ये वाम्पानोआगांचा प्रमुख मेटाकॉम (इंग्रज त्याला किंग फिलिप म्हणत) आणि इंग्रज यांच्यात लढाई जुंपली. जॉन गोरम त्यात कॅप्टन होता, १६७६ च्या सुरुवातीला स्वान्झीला तापाने मेला. पुढे त्या लढाईतल्या सैनिकांच्या वारसांना आजच्या मेन राज्यात जमिनी वाटल्या, त्यातल्या एका गावाला त्याच्याच नावावरून 'गोरम' म्हणतात. जमीन पुन्हा दुसऱ्यांचीच. वंशावळीत हे लिहायचं ठरवलंय. सासूबाईंनी 'लिही' म्हटलं, जरा थांबून.

मोडीवाचक

उशिरा आलो. जुने कागद वाचणं हा आपला प्रांत, फक्त लिपी वेगळी. दोन सूचना.

एक, तारखा. इंग्रजांच्या राज्यात १७५२ पर्यंत जुनं पंचांग होतं आणि वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख १६७२/७३ अशी जोड वर्षाने लिहितात. हे न कळल्यामुळे कित्येकांच्या वंशाच्या झाडात आई मुलाच्या जन्माआधी वर्षभर मेलेली असते. आपल्याकडे शक, फसली, सुहूर या कालगणनांचा घोळ करणारे कमी नाहीत, तसंच.

दोन, अक्षर. सतराव्या शतकातल्या इंग्रजी कारकुनी हस्ताक्षरात 'ई' उलटा दिसतो, 'आर' डब्ल्यूसारखा, आणि शब्दाच्या सुरुवातीला दोन 'एफ' म्हणजे एकच मोठा एफ. मोडी शिकताना जी युक्ती तीच वापरा: आधी ठाऊक असलेला मजकूर घ्या, मृत्युपत्राची ठरलेली सुरुवात वगैरे, त्यावरून त्या कारकुनाचं अक्षर बसवा, मग नावांकडे वळा. आधी नावं वाचायला गेलात की हवं ते दिसायला लागतं.

चिंचगूळ

@मोडीवाचक, तुम्ही आधी भेटला असतात तर माझा महिना वाचला असता. 'हवं ते दिसायला लागतं' तर तंतोतंत.

हाउलंडच्या वयाचं काय म्हणता? प्लिमथ चर्चच्या नोंदीत २३ फेब्रुवारी १६७२/७३ ला वारला, वय ऐंशीच्या वर असं आहे. म्हणजे जन्म १५९२ च्या आसपास. पण मग १६२० मध्ये तो अठ्ठावीसचा होतो, आणि करारावरचे गडी सहसा याहून लहान असत. ब्रॅडफर्डही त्याला धट्टाकट्टा जवान म्हणतो. हंटिंग्डनशरच्या फेनस्टँटनचा तो, एवढं कळतं.

मोडीवाचक

म्हातारपणी वय फुगतं. आमच्या आजोबांनी सत्तरीनंतर दर वर्षी दोन वर्षं वाढवली. १५९२ ते १५९९ असं लिहा आणि पुढे चला. पुरावा ज्या रुंदीचा, तेवढीच रुंद नोंद.

चिंचगूळ

एलिझाबेथचं मात्र चोख आहे. १७ डिसेंबर १६८६ च्या तिच्या मृत्युपत्रात तिने स्वतः वय ७९ सांगितलंय. आणि इंग्लंडमध्ये बेडफर्डशरच्या हेन्लोच्या चर्चच्या वहीत जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिचा बाप्तिस्मा ३० ऑगस्ट १६०७. वजाबाकी करून पाहा. समुद्राच्या दोन काठांवरचे दोन कागद, मधे ७९ वर्षं, आणि फरक शून्य. माझ्या नोकरीत असा मेळ कधी बसलेला पाहिला नाही.

सांजवेळ

मृत्युपत्र! काय होतं त्यात? सांगा ना.

चिंचगूळ

@सांजवेळ, घरातलं सगळं. चादरींच्या जोड्या, उशांचे अभ्रे, पिसांची गादी, पितळी किटली, पुस्तकं. थोरल्या जॉनला पाच पौंड आणि टिंडेलचं पुस्तक. जिच्याकडे ती शेवटी स्वान्झीला राहत होती त्या लिडियाला सगळ्यात चांगली गादी, हिरवी रजई, छोटं बायबल आणि सगळ्यात तलम चादरी. डिझायर कुशमन या नातीला चार मेंढ्या. शेवटी सगळ्या मुलांना ताकीद की देवाला भिऊन राहा आणि आपसात प्रेमाने वागा. आपल्या आज्या गाठोडी सोडून वाटण्या करायच्या, तेच.

पहिल्याच हिवाळ्यात पोरक्या झालेल्या पोरीने कोणती चादर कुणाला हे नाव घेऊन सांगितलंय. हाउलंडच्या समुद्रात पडण्यापेक्षा मला हा कागद जास्त जवळचा वाटतो.

पण ऑडिटच्या दृष्टीने एक पंचाईत. या मृत्युपत्रात आमची देझायर नाही. ती १६८३ मध्येच वारली होती, आईच्या आधी. आजकाल जालावरच्या झाडांत लोक खुशाल एलिझाबेथचं मृत्युपत्र जोडून 'देझायर हिची मुलगी' म्हणतात. वाचलेलंच नसतं! देझायरचा पुरावा बापाच्या मृत्युपत्रात आहे, २९ मे १६७२ चं. त्यात 'माझी मुलगी देझायर गोरम' हिला वीस शिलिंग आहेत. ते झालं व्हाउचर.

आणि त्याही आधीचं एक आहे, माझं लाडकं. २२ मे १६२७ ला प्लिमथमध्ये गुरांची वाटणी झाली. वसाहतीतल्या माणसांचे तेरा-तेराचे बारा गट पाडले, प्रत्येक गटाला गुरं. बायका आणि तान्ही मुलंसुद्धा नावानिशी मोजली, कारण प्रत्येकाचा वाटा होता. चौथ्या गटात जॉन हाउलंड, बायको एलिझाबेथ, धाकटा जॉन आणि देझायर हाउलंड. ही तिची पहिली नोंद. एका कालवडीच्या तेराव्या हिश्शाची मालकीण म्हणून. कालवडीचं नाव रॅगहॉर्न!

कोकणकडा

गाईचं नाव लिहिलंय आणि आमच्या कुलवृत्तांतात तीनशे पानांत मुलींची नावं नाहीत. 'कन्या दोन' एवढंच. पुढे त्या दोघींचं काय झालं हे त्या दोघींनाच ठाऊक.

टोमणेबहाद्दर

रॅगहॉर्नचे वंशज कुठे आहेत सध्या? त्यांचीही सोसायटी असेल.

दूरदेशी

(आत्ताच पाहिला धागा. वाचनखूण साठवली.) मी न्यू जर्सीत, जावयाच्या घराण्यासाठी असंच काम केलंय. मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेला, १८९७ पासूनची प्लिमथची संस्था ती, दर पिढीमागे जन्म, लग्न, मृत्यू यांचे कागद लागतात. मुख्य म्हणजे हा याचा मुलगा हे जोडणारा कागद. पहिल्या पाच पिढ्यांवर त्यांचे चंदेरी मुखपृष्ठाचे खंड आहेत, त्यामुळे वरचा भाग फार छळत नाही. खालचा भागही सोपा, १८५० नंतरच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव असतं आणि १८८० पासून कर्त्याशी नातंही. अडकतात सगळे मधल्या खड्ड्यात. साधारण १७६० ते १८४०. चिंचगूळ, तुम्हीही तिथेच ना?

चिंचगूळ

@दूरदेशी, बरोबर ओळखलंत! सातव्या पिढीत.

सहाव्या पिढीपर्यंत सगळे मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड द्वीपकल्पावर, बार्न्स्टेबल गावात. तिथलं कोर्ट १८२७ मध्ये जळलं, जमिनीच्या खरेदीखतांच्या वह्या जवळजवळ सगळ्या गेल्या, पण मृत्युपत्रांच्या वह्या वाचल्या म्हणून निभावलं. पुढे सहाव्या पिढीतला माणूस मेनला गेला. त्याला मुलगी होती असं आजींचा कागद म्हणतो आणि ती आमची पुढची कडी. पण मेनमध्ये तिच्या जन्माची नोंद नाही. बापाचं मृत्युपत्र नाही. १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त घरातल्या कर्त्याचं नाव; बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यातले नुसते आकडे. ती एका रकान्यातला 'एक' आहे. किंवा नाही.

एका मोठ्या संकेतस्थळावर चाळीसेक झाडांत तिला याच बापाची मुलगी म्हणून जोडलंय. चाळीसही जणांनी एकमेकांचं उतरवून घेतलंय. चुकीचं स्पेलिंगसुद्धा तेच!

सांजवेळ

डीएनए चाचणी करून नाही का कळणार?

दूरदेशी

@सांजवेळ, इतक्या मागे नाही. नेहमीची चाचणी पाच-सहा पिढ्यांपर्यंत बऱ्यापैकी बोलते. दहा-अकरा पिढ्यांवरच्या एखाद्या पूर्वजाचा अंशही तुमच्यात उतरलेला नसू शकतो. वंशज शंभर टक्के, डीएनए शून्य टक्के.

चिंचगूळ, तिच्या नवऱ्याचा जन्म कधीचा? १७६० च्या आगेमागे असेल तर क्रांतियुद्धात असणार. त्याचं पेन्शन पाहिलंत?

चिंचगूळ

जन्म १७५९. पेन्शनच्या यादीत नाव नाही, पाहिलं.

दूरदेशी

त्याचं नसेल. तिचं पाहा. १८३६ च्या कायद्याने विधवांना पेन्शन मिळायला लागलं. पण लग्न झालं होतं हे सिद्ध करावं लागे. नोंद नसेल तर बायका घरच्या बायबलमधलं कुटुंबाच्या नोंदींचं पान फाडून अर्जासोबत पाठवायच्या. ती पानं अजून राष्ट्रीय अभिलेखागारात त्या-त्या फायलीत आहेत. विधवेच्या फायलीचा क्रमांक 'डब्ल्यू'ने सुरू होतो. नवऱ्याच्या नावाची चार-पाच स्पेलिंगं करून शोधा.

नगरकर

जरा अवांतर. अमेरिकन पूर्वज म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे नगरला अमेरिकन मराठी मिशनचं मोठं काम होतं, तुम्हाला माहीतच असेल. मुंबईत १८१३ मध्ये आलेल्या मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल हा मॅसॅच्युसेट्सच्या टॉलंडचा. १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबक भागात फिरताना पटकीने गेला. बायको-मुलं त्याआधीच अमेरिकेला निघाली होती.

सांगायचं कारण, माझ्या आजीच्या आजोबांचा बाप्तिस्मा मिशनमध्ये झाला. घरात कागद नाही. पण मिशनची पाठवणारी संस्था बॉस्टनची, आणि तिचं दफ्तर आता हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. म्हणजे नगरच्या माणसाचा माग बॉस्टनमध्ये! चिंचगूळताई, तुमचं झालं की एक दिवस आमच्यासाठी काढाल का?

चिंचगूळ

@नगरकर, अहो नक्की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कोणत्या साली, कोणत्या गावात, एवढं आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवा, नाहीतर तिथे खोक्यांच्या डोंगरापुढे नुसती उभी राहीन.

चिंचगूळ (सहा आठवड्यांनी)

धागा वर काढतेय.

सापडलं!!!

@दूरदेशी, तुमच्या पायावर लोटांगण. विधवेच्याच नावाची फाईल. आडनावात एक अक्षर जास्तीचं होतं म्हणून मला दिसत नव्हती. छत्तीस पानं. साक्षीदारांच्या जबान्या, कारकुनाची पत्रं, 'अजून पुरावा पाठवा' असं तीनदा कळवलेलं (सरकार तिथूनही सरकारच). आणि शेवटी एक पान, डाव्या कडेला दातरं, बायबलच्या शिवणीतून फाडलेलं. त्यावर लग्नाची तारीख, नऊ मुलांचे जन्म. आमची आठवी कडी त्यात पाचवी आहे. हा एक जोड झाला.

पण बापाचं नाव? तेही निघालं, बायबलात नाही, जबानीत. तिच्या धाकट्या भावाने शपथेवर सांगितलंय की मी हिच्या लग्नाला हजर होतो, लग्न आमच्या वडिलांच्या घरी झालं, आणि पुढे वडिलांचं पूर्ण नाव, शिवाय 'पूर्वी बार्न्स्टेबलचे'. इंग्रजीतले हे तीन शब्द वाचायला मी दहा महिने थांबले होते.

चाळीस झाडं बरोबर होती म्हणायची. पण त्यांना ते माहीत नव्हतं.

मोडीवाचक

अभिनंदन! शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

भावाच्या सहीकडे पाहिलंत का? सही आहे की खूण?

चिंचगूळ

सही आहे, थरथरती. बहिणीची मात्र फुली. तिला लिहिता येत नव्हतं. बायबलच्या पानावरचं अक्षर नवऱ्याचं असावं, कारण त्याच्या मृत्यूची तारीख दुसऱ्याच हातातली आहे.

कोकणकडा

आणि सासूबाई? त्यांना सांगितलंत की नाही गव्हर्नरचं?

चिंचगूळ

सांगितलं, गेल्या रविवारी. आधी पेन्शनची फाईल दाखवली, मग हळूच वरच्या टोकाकडे नेलं. कार्व्हर गेला, गडी आला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, दुखावल्या.

मग एलिझाबेथचं मृत्युपत्र मागितलं. चष्मा लावून चादरींपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, 'देझायरला काहीच नाही?' मी म्हटलं, ती तीन वर्षं आधी गेली होती. म्हणाल्या, 'हं. मग म्हातारीने तिला पुरलं असणार.' आणि पान उलटलं.

आजींचा पिवळा कागद टाकू देत नाहीयेत. कार्व्हरच्या नावावर पेन्सिलने एक रेघ मारलीय, खोडता येईल अशी.

@नगरकर, हॉटनची वेळ घेतलीय, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारची. तुमचा व्यनि अजून आला नाही.

नगरकर

ताई, आजच करतो. मावशीला फोन लावलाय, ती म्हणते गाव वडाळा, पण 'त्याआधी दुसरंच काहीतरी नाव होतं'. तिला जरा आठवू देतो.